शेवंती, एवढीच विनंती : फुलांतून निरोप पाठवायची रीत

लाल गुलाब म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री, पांढरा म्हणजे शांती. फेब्रुवारी लागला की ही यादी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर फिरू लागते. तिच्या भरवशावर कोणाला काही कळवायला जाऊ नका. केट ग्रीनअवे यांच्या चित्रांनी सजलेला फुलांच्या अर्थांचा कोश १८८४ साली लंडनमध्ये निघाला. त्यात पिवळ्या गुलाबासमोर ‘प्रेम ओसरणे, मत्सर’ असं आहे आणि पांढऱ्यासमोर ‘मी तुझ्या तोलाची आहे’. म्हणजे तुम्ही मैत्री म्हणून दिलेलं फूल समोरच्याने त्या कोशात पाहिलं, तर मैत्रीचंच काही खरं नाही.

तरीही फुलांतून निरोप पाठवता येतो, आणि चांगला नेमका पाठवता येतो. अट एकच : पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडे एकच यादी हवी. खालची सगळी रीत या एका अटीभोवती बांधलेली आहे.

आधी थोडा इतिहास, कारण खरी युक्ती त्यातच आहे

युरोपात हे वेड शिरलं ते इस्तंबूलच्या वाटेने. ब्रिटिश राजदूताच्या पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू १७१७-१८ मध्ये तिथे राहत होत्या. (देवी टोचून घेण्याची तिथली पद्धत इंग्लंडात नेणाऱ्या त्या याच.) त्यांच्या एका पत्रात ‘तुर्की प्रेमपत्रा’चा नमुना आहे. हे पत्र म्हणजे एक बटवा. त्यात मोती, लवंग, एक पिवळं फूल, कागद, नाशपाती, साबण, कोळसा, गुलाब, दालचिनी, मिरी अशा वस्तू क्रमाने ठेवलेल्या. प्रत्येक वस्तूची एकेक ओळ ठरलेली. बोटाला शाई न लागता भांडता येतं, रुसता येतं, प्रेम करता येतं, इतकंच काय, बातम्याही कळवता येतात, असं त्या लिहितात. ही पत्रं छापली गेली १७६३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या पुढच्या वर्षी, आणि वाचणाऱ्यांनी त्यातली फुलं तेवढी उचलली.

उचलायला हवं होतं यमक. नाशपातीला तुर्कीत ‘आर्मुत’ म्हणतात आणि तिची ओळ आहे ‘वेर बिझे बिर उमुत’, म्हणजे ‘आम्हाला थोडी आशा दे’. आर्मुत-उमुत. नाशपातीत आशेसारखं काहीही नाही. फक्त नाव जुळतं. एकदा ऐकली की ओळ विसरत नाही, म्हणून कोशाची गरजच पडत नाही. ऑस्ट्रियाचे प्राच्यविद्यापंडित योसेफ फॉन हामर-पुर्गस्टाल यांनी १८०९ मध्ये हे उलगडून दाखवलं. जनानखान्यातल्या बायकांचा आपापसातला हा खेळ आहे, प्रियकरांच्या चोरट्या पत्रव्यवहाराची गोष्ट फुगवून सांगितलेली आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं.

पण पॅरिसमध्ये १८१९ साली ‘शार्लोत द लातूर’ या टोपणनावाने फुलांच्या भाषेचं पुस्तक आलं, ते धडाधड खपलं, इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या नकला निघाल्या आणि यमक कायमचं गळालं. उरला कोश : हे फूल, हा अर्थ, पाठ करा. या कोशांवरून लोक खरोखर एकमेकांना निरोप पाठवत होते, याचे पुरावे अभ्यासकांना फारच थोडे सापडले आहेत. पुस्तकं मुख्यतः भेट द्यायला घेतली जात. शोभेची जिल्द, टेबलावर ठेवायला बरी.

माझं मत सरळ आहे. कोश वाचायला गोड, वापरायला पांगळा. यमकाची रीत मात्र मराठी माणसाच्या हातात आयती आलेली आहे, कारण आपण लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात उखाणे घेत वाढलो.

पायरी १ : यादी ठरवा

दोघांनी बसून, एकदाच. तीन वाटा आहेत.

पहिली, व्हिक्टोरियन (म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला) कोश जसाच्या तसा. फायदा असा की तो आयता आहे. तोटा असा की दुसऱ्या कोणालाही तो उघडता येतो आणि दोन कोशांचं आपसात पटत नाही. ही वाट धरायची असेल तर ‘फुलांचे अर्थ’ असं मोघम ठरवू नका; अमुक पुस्तक, अमुक साल, त्याचंच पान, असं ठरवा.

दुसरी, आपल्याकडचे रूढ अर्थ. ते देवपूजेशी आणि सणांशी इतके घट्ट बांधलेले आहेत की खासगी मजकुराला जागा कमी उरते. पाचव्या पायरीत त्यांच्याकडे येऊ.

तिसरी, यमक. नवशिक्यांना मी हीच सुचवेन. सुरुवातीला एवढी यादी पुरते :

शेवंती – एवढीच विनंती
झेंडू – नको भांडू
जाई – करू नको घाई
मोगरा – राग सोड जरा
गुलाब – कधी देशील जवाब?
निशिगंध – बोलणं बंद
अबोली – दिली कबुली
चाफा – घरी पाहुण्यांचा ताफा
सदाफुली – खिडकी आहे खुली
लिली – चिठ्ठी मिळाली
तुळस – सोड आळस
दुर्वा – भेटू परवा

या ओळी तशाच घेतल्या पाहिजेत असं नाही. उलट निम्म्या तरी बदला. तुमच्या घरात, तुमच्या दोघांत जे शब्द चालतात त्यांचं यमक जुळवलं तर बाहेरच्याला यादी मिळूनही अंदाज येणार नाही. आत्या-भाची, दोन जावा, होस्टेलवरच्या मैत्रिणी, प्रत्येकीची झेंडूची ओळ वेगळी असू शकते. ओळ जुळवताना एक पथ्य पाळा : फुलाचं नाव दोघांनी एकच वापरायचं. निशिगंधाला पुण्याच्या बाजारात गुलछडी म्हणतात. एकाने गुलछडी आणि दुसऱ्याने निशिगंध धरला की यमक तुटलं.

पायरी २ : निरोप आधी साध्या मराठीत लिहा, मग छाटा

फुलांना काळ नसतो, कारण नसतं, ‘पण’ आणि ‘तरीसुद्धा’ नसतं. ‘परवा मी जे बोलले ते रागाच्या भरात होतं, आता आई-बाबांकडे पाहुणे आहेत, ते गेले की भेटू या’ हे वाक्य घ्या. यातलं कळवायलाच हवं असं किती? राग सोड. पाहुणे आहेत. परवा भेटू. झाले तीन : मोगरा, चाफा, दुर्वा.

तीनपेक्षा जास्त प्रकारची फुलं एका निरोपात घालू नका. चौथ्या फुलाला वाचणारा अडखळतो, पाचव्याला तो सगळंच सजावट समजून बाजूला ठेवतो.

वेळ कळवायची असेल तर आकड्यासाठी पानं वापरा. आंब्याची पाच पानं, पाच वाजता. दुर्वांचाही आकडा धरता येतो. पण २१ दुर्वांची जुडी गणपतीला नेहमीच वाहिली जाते, तेव्हा २१ हा आकडा ‘काही मजकूर नाही, नुसती पूजा’ यासाठी राखून ठेवा. कोरा निरोपही कधीकधी पाठवावा लागतो. रोज फुलं जात असतील तर ज्या दिवशी काही सांगायचं आहे तोच दिवस उठून दिसत नाही.

पायरी ३ : बाजार पाहून शब्द निवडा

कितीही सुंदर यादी केली आणि फूल मिळालंच नाही तर काय उपयोग? मोगरा मुख्यतः उन्हाळ्याचा. शेवंतीचा भर पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि हिवाळ्यात टिकतो. तेरडा पावसाळ्यातच. निशिगंध, झेंडू, गुलाब जवळपास बाराही महिने दिसतात, पण दसरा-दिवाळीला झेंडूचा भाव असा चढतो की ‘नको भांडू’ म्हणताना फूलवाल्याशीच भांडण होतं. म्हणून नेहमीच्या निरोपांना बारमाही फुलं द्या आणि वर्षातून एकदा सांगायच्या गोष्टींना हंगामी.

दादरचा किंवा पुण्यात मार्केट यार्डाचा फुलबाजार गाठायचा असेल तर पहाटे. तिथे माल दोन तऱ्हेचा : सुटी फुलं वजनावर आणि दांडीची फुलं गड्डीने. पॉलिहाउसमधला डच गुलाब २० नगांच्या गड्डीत येतो. निरोपाला एकच दांडी हवी असेल तर घाऊक बाजारात जाऊन विक्रेत्याचा वेळ खाऊ नका, नाक्यावरचा हारवाला बरा.

ज्यांना कोशाचीच हौस आहे त्यांच्यासाठी, आपल्या बाजारात मिळणाऱ्या फुलांना तिकडे काय अर्थ दिले होते ते सांगतो. काही वाचून हसू येईल. निशिगंध म्हणजे ‘धोक्याची सुखं’. आपण त्याच्या मुंडावळ्या बांधतो. मोठ्या झेंडूसमोर ‘हलक्या मनाची माणसं’ असा शेरा आहे, आणि तोरणाविना आपला दसरा होत नाही. (झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, तेव्हा आपल्या आणि त्यांच्या, दोघांच्याही परंपरेत तो पाहुणाच.) डेलिया म्हणजे चंचलपणा. उंच सूर्यफूल म्हणजे गर्व, पण बुटकं म्हणजे भक्ती. कमळाच्या फुलाला ‘दुरावलेलं प्रेम’. गुलबक्षी भित्री, लाजाळू हळवी, तेरडा उतावळा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणणाऱ्या आपल्याला हा शेवटचा अर्थ फारसा परका वाटू नये.

शेवंती तिकडे रंगाप्रमाणे बोलते : लाल ‘माझं प्रेम आहे’, पांढरी ‘सत्य’, पिवळी ‘झिडकारलेलं प्रेम’. कार्नेशनचंही तसंच : गडद लाल ‘हाय, माझं बिचारं काळीज’, पट्ट्यापट्ट्यांचं ‘नकार’, पिवळं ‘तुच्छता’. झिनियाचा अर्थ मला सगळ्यात आवडतो, ‘दूर गेलेल्या मित्रांची आठवण’. कोणी नोकरीसाठी गाव सोडून चाललं असेल तर कुंडीतल्या चार झिनिया पुरेत.

आणि खऱ्या संवादाला उपयोगी असं एकच फूल त्या कोशात आहे, अॅस्टर. एकेरी पाकळ्यांचं दिलं तर ‘विचार करून सांगते’, दुहेरी पाकळ्यांचं दिलं तर ‘माझंही मन तेच म्हणतं’. स्थळ पाहून गेल्यावर मध्यस्थाच्या हाती पाठवायला यापेक्षा सोयीचं काही नाही. अॅस्टर आपल्याकडे जुडीने मिळतो आणि स्वस्तही असतो.

जर्बेरा या जुन्या कोशांत नाही. म्हणजे ती कोरी पाटी. हवा तो अर्थ द्या.

पायरी ४ : व्याकरण

शब्द झाले. आता होकार-नकार, मी-तू.

व्हिक्टोरियन पुस्तकांचा नियम असा : फूल सरळ धरून दिलं तर त्याचा नेहमीचा अर्थ, देठ वर करून उलटं दिलं तर विरुद्ध. उजव्या हाताने दिलेलं फूल ‘हो’, डाव्या हाताने दिलेलं ‘नाही’. एका बाजूला कललेलं ‘मी’, दुसऱ्या बाजूला कललेलं ‘तू’.

उजव्या-डाव्याचा हा हिशेब कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना नव्याने शिकवायला नको. देवळात कौल लावताना गुरव मूर्तीवर पाण्याने कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट पाहतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न ठरवायचं का, विहीर खणायची का, जागा विकायची का, असे प्रश्न पिढ्यान् पिढ्या असे विचारले गेले. यात आपल्या कामाची गोष्ट ही की प्रश्न आधी मोठ्याने आणि स्पष्ट विचारलेला असतो. ‘हे काम होणार असेल तर उजवा दे’ असं म्हटल्यावरच पाकळीला अर्थ येतो. फुलाने उत्तर द्यावं, प्रश्न मात्र शब्दांत असावा, ही रचना मला युरोपातल्या कुठल्याही कोशापेक्षा शहाणी वाटते. तुमच्या खेळातही तेच करा : प्रश्न फोनवर, उत्तर फुलात.

उजवं म्हणजे कोणाचं उजवं, तेही आधीच ठरवा. देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. फोटो पाठवत असाल तर आणखी एक भानगड : काही फोनांचा सेल्फी कॅमेरा डाव्याचं उजवं करून फोटो ठेवतो. मागच्या कॅमेऱ्याने काढा.

गुलाबाच्या कळीचं व्याकरण वेगळं आहे आणि फार बारकाईने बांधलेलं आहे. काटे आणि पानं दोन्ही असलेली कळी म्हणते, ‘भीती वाटते, पण आशा आहे.’ काटे काढून पानं ठेवली तर ‘आता भीती नाही, आशाच आहे.’ पानं काढून काटे ठेवले तर ‘आशा सोड, भीती तेवढी धर.’ आणि कळी उलटी करून परत केली तर ‘आशाही नको, भीतीही नको.’ एका दांडीत चार वाक्यं.

इथे दुकानात घात होतो. डच गुलाब तुम्ही मागितला की फूलवाला न विचारता दांडीवर काटे काढायचा चिमटा वरून खाली सरकन ओढतो. एका झटक्यात खालचे काटे आणि पानं दोन्ही उतरतात, वर दोन-तीन पानं तेवढी उरतात. कळीवरची जाळी काढतो, प्लॅस्टिक गुंडाळतो, वर जिप्सोफिलाची काडी खोचतो. तुम्ही ‘भीती वाटते, पण आशा आहे’ म्हणायला गेलात आणि बाहेर आलात ते बिनधास्त आशा घेऊन. तेव्हा आधीच सांगायचं : ‘काटे राहू द्या, पानं राहू द्या, कागदात द्या.’ तो चमत्कारिक नजरेने पाहील. पाहू द्या.

पायरी ५ : बाहेरचे काय वाचतील ते तपासा

गुपित फक्त दोघांचं असलं तरी फुलं सगळ्यांना दिसतात, आणि आपल्याकडे प्रत्येक जण फुलं वाचतो. जास्वंद आणि दुर्वा दिसल्या की गणपती, बेल दिसला की शंकर. केतकी शंकराला चालत नाही, तुळस गणपतीला एरवी वाहत नाहीत, पारिजातक जमिनीवरून वेचलेला चालतो पण बाकीची फुलं नाहीत, हे घरातल्या आजीला पाठ असतं. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पान. तुमच्या मजकुराने या रूढीला धक्का दिला की आजी विचारणारच, ‘अगं, गणपतीच्या परडीत तुळस कशाला?’ आणि ‘सोड आळस’चा बोजवारा.

उलट, रूढीला धरून राहिलात तर यापेक्षा चांगला आडोसा नाही. मघाचा निरोप पाहा : मोगरा, चाफा, दुर्वा. पूजेच्या परडीत हे तिन्ही एकत्र आले तर कोणाची भुवई वर जाईल? गुलाबांचा चकचकीत गुच्छ दारात आला की सगळी चाळ गोळा होते; परडीकडे कोण बघतंय?

गुलाब, पांढरी फुलं आणि मोठे हार यांच्या बाबतीत जपून. गुलाबाच्या पाकळ्या आणि पांढऱ्या शेवंतीचे हार आपल्याकडे अंत्ययात्रेतही असतात. आजारी माणसाला भेटायला जाताना गुच्छात पांढऱ्याचा भरणा नको, यादीतला अर्थ काहीही असो.

कण्हेर आणि धोतरा या दोघांना निरोपातून बाद करा. कोशात कण्हेरीला ‘सावध राहा’ आणि धोतऱ्याला ‘फसवं सौंदर्य’ म्हटलंय, ते अगदी योग्य आहे, कारण दोन्ही झाडं विषारी आहेत. देवाला वाहणं वेगळं. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ती कोणाच्या हाती पाठवू नयेत.

पायरी ६ : गुच्छ नको, माळ करा

गुच्छाला क्रम नसतो. कोणतं फूल आधी वाचायचं ते कळत नाही, आणि ‘बोलणं बंद, एवढीच विनंती’ व ‘एवढीच विनंती, बोलणं बंद’ यांत फरक आहे. युरोपातल्या कोशकारांना हा प्रश्न कधी नीट सुटला नाही. आपल्याकडे गजरा, वेणी, हार आहेत. सुरुवात आणि शेवट असलेली ओळच ती.

रीत अशी. दोऱ्याचं एक टोक वीतभर लांब सोडा. वाचन त्या टोकापासून सुरू. एका शब्दाची तीन-तीन फुलं एकत्र गुंफा, म्हणजे एखादं गळालं तरी शब्द हरवत नाही. दोन शब्दांमध्ये हिरवं पान किंवा मरव्याची काडी घाला. नकार हवा असेल तर त्या शब्दाची फुलं उलट्या तोंडाने बांधा. गाठी मारून गुंफलेल्या गजऱ्यात उलटं फूल जागच्या जागी राहतं. सुईने ओवलेल्या हारात ते फिरतं आणि नकाराचा होकार होतो. म्हणून ओवू नका, गुंफा. केळीच्या सोपाचा ओला दोर मिळाला तर उत्तम, फुलांचे देठ कापत नाही.

मोगऱ्याच्या कळ्या घट्ट मिटलेल्या असतानाच गुंफायच्या, संध्याकाळी त्या आपोआप उमलतात. तयार गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दांडीची फुलं पाठवायची असतील तर दांडी तिरकी कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, आणि पिकत्या केळ्यांच्या घडाजवळ ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन लवकर मान टाकतं.

कार्नेशनवरून आठवलं. यादीत नसलेला शब्द तयार करायचा असेल तर फुलाला रंग पाजता येतो. पांढऱ्या कार्नेशनची दांडी ताजी कापून खाण्याच्या रंगाच्या गडद पाण्यात ठेवली की काही तासांत पाकळ्यांच्या कडा रंगू लागतात. लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये २० फेब्रुवारी १८९२ रोजी ऑस्कर वाइल्ड यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री वाइल्डच्या काही मित्रांनी कोटाला हिरवं कार्नेशन लावलं होतं. निसर्गात नसलेलं फूल, त्यामुळे कोणत्याही कोशात अर्थ नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलं. कोशाबाहेरचं फूल वापरण्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पायरी ७ : पोहोचवा, आणि उत्तराची सोय ठेवा

अॅपवरून मागवलेला गुच्छ निरोपाला कुचकामी. दुकानदार त्याच्याकडे जे आहे ते भरतो, पिवळी शेवंती संपली तर पांढरी घालतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. शिवाय डिलिव्हरीवाला कोणत्या हाताने देईल ते तुमच्या हातात नाही. स्वतः गुंफा, स्वतः द्या, किंवा अशा माणसाच्या हाती पाठवा ज्याला ‘परडी सरळ धर’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

पोहोच मिळाल्याशिवाय दुसरा निरोप पाठवू नये. पोचपावतीसाठी एक फूल राखून ठेवा. आपल्या यादीत ती लिली आहे. उत्तर यायला किती वेळ द्यायचा तेही ठरवा, कारण फुलं फार वाट पाहत नाहीत. मोगऱ्याच्या गजऱ्याचा निरोप एका रात्रीचा, निशिगंधाच्या दांडीचा तीन-चार दिवसांचा. घाईचं काम मोगऱ्यात, सवडीचं दांडीच्या फुलात.

परदेशात असाल तर आणखी थोडी काळजी. फ्रान्समध्ये शेवंती ही १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरीवर ठेवायची फुलं. तिथे जेवायला बोलावणाऱ्या यजमानांकडे ‘एवढीच विनंती’ घेऊन जाऊ नका. जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यसंस्काराची. रशियात फुलांची सम संख्या दुखवट्याला, त्यामुळे आनंदाच्या प्रसंगी विषमच द्यायची. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, लाल कार्नेशनचा अर्थ कुठल्या कोशाने ठरवला नाही : २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी ती फुलं खोवली, हुकूमशाही कोसळली, आणि तेव्हापासून ते क्रांतीचं फूल. त्याच वर्षाअखेर नव्या पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, म्हणून गोव्यातल्या जुन्या लोकांना ते कार्नेशन ओळखीचं वाटलं तर नवल नाही.

भारतातून गजरा घेऊन अमेरिकेत उतरणार असाल तर ताजी फुलं कस्टमला जाहीर करावी लागतात, ऑस्ट्रेलियात तर नियम आणखी कडक. तिकडे फोटोच पाठवा. फोटोत लांब सोडलेलं दोऱ्याचं टोक दिसायला हवं, नाहीतर कुठून वाचायचं ते कळणार नाही.